बाबांचा डबा, आईचा गुलाब

‘ताई, बाबा निवृत्त झाले आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांनी बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, गांडूळखताचा डबा मांडला. अर्धा किलो गांडुळं आणली. पहिला महिना छान गेला. आता झाकण उघडलं की गटारासारखा वास येतो, घरभर चिलटं, आणि सकाळी बघावं तर गांडुळं झाकणाला आतून लटकलेली. काही जमिनीवर वाळून मेलेली. डब्यात बारीक पांढऱ्या अळ्याही दिसतात. बाबा रोजचा सगळा ओला कचरा, म्हणजे किलोभर तरी, त्यात घालतात. एकदा उरलेली उकडलेली कडधान्यं घातली, त्यानंतर काही गांडुळांच्या अंगावर मणी ओवल्यासारख्या गाठी आल्या. संख्या कमी वाटते म्हणून ते कुंड्यांमधली गांडुळं शोधून त्यात टाकतात. चुकून एखादं तुटलं तर म्हणतात, “बरं झालं, एकाची दोन झाली.” डब्याच्या नळातून येणारं तपकिरी पाणी त्यांनी आईच्या गुलाबाला घातलं, तर आठ दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. आई म्हणते, आता या घरात एक तर डबा राहील नाहीतर मी. बाबा दिवसातून तीनदा डबा उकरून बघतात आणि कुणाशी बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पंधरा दिवस बाहेरगावी जाणार, तेव्हा गांडुळांना कोण सांभाळणार यावरही वाद झाला. बाबांना हा नाद सोडायला कसं सांगू?’

– मधल्यामध्ये अडकलेली

अगं मधल्यामध्ये,

तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं. मग माझा स्वतःचा पहिला डबा आठवला आणि हसू गेलं. मी माझी गांडुळं कलिंगडाने मारली होती. अख्ख्या कलिंगडाची सालं, आतल्या लाल गरासकट, एका दुपारी डब्यात. केवढ्या प्रेमाने! कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते पाणी जाणार कुठे हा विचार केला नव्हता. चौथ्या दिवशी झाकण उचललं तर आतल्या बाजूला गांडुळांचा गुंताच्या गुंता. एकमेकांना वेटोळे घालून, जणू कुणी ओल्या लोकरीचा गुंडा तिथे चिकटवलाय. खाली काळा चिखल, आणि वास असा की मी झाकण तसंच परत लावून आत निघून गेले. तेव्हा मला कुणी ‘हा नाद सोड’ म्हणालं असतं तर मी खरंच सोडला असता. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. बाबांना नाद सोडायला सांगू नकोस. त्यांना खायला घालणं कमी करायला सांग.

तुझ्या पत्रात तक्रारी दहा आहेत, पण दुखणं जवळजवळ एकच. वास, चिलटं, लटकलेली गांडुळं, पांढऱ्या अळ्या, तपकिरी पाणी, हे सगळं जादा जेवणाचं आहे. हिशेब करून बघ. गांडुळं अर्धा किलो. नीट बसलेल्या, जुन्या डब्यात ती दिवसाला फार तर स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात, म्हणजे पाव किलो. नव्या डब्यात त्याच्याही निम्मं धरावं, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. बाबा घालतात एक किलो. म्हणजे रोज पाऊण किलोच्या वर कचरा नुसता साठत गेला. आठवड्याला पाच-सहा किलो. तोही भाज्या-फळांचा, म्हणजे बहुतेक पाणीच. ज्याला आपण गांडुळांचं घर म्हणतो त्याची दोन महिन्यांत विहीर झाली.

आता एक गोष्ट जी डबा विकणारे सहसा सांगत नाहीत: गांडुळं तुमचा कचरा खात नाहीत. निदान ज्या अर्थाने आपण खातो त्या अर्थाने नाही. त्यांना दात नसतात. बटाट्याचं कोरं साल त्यांच्यापुढे टाकलं तर ती त्याच्या बाजूने निघून जातील. आधी त्या सालावर जिवाणू बसतात, बुरशी चढते, साल मऊ पडतं, आणि मग गांडुळं तो मऊ लगदा त्या जिवाणू-बुरशीसकट ओढून घेतात. पुढे पोटात पेषणी नावाची एक दणकट पिशवी असते. गिळलेल्या रेतीच्या कणांनी ती हा लगदा भरडते, आपल्या घरातल्या जात्यासारखी. म्हणजे डब्यात खरं काम करणारी फौज आपल्याला दिसतच नाही. ती फौज हवेवर जगते. कचरा हवेशीर कुजला तर मातीचा वास येतो. हवा कोंडली की ती फौज मरते आणि दुसरी, हवेविना जगणारी, तिची जागा घेते. तुम्हाला येतो तो गटाराचा वास या दुसऱ्या फौजेचा.

आणि गांडुळांना फुप्फुसं नसतात. ती ओल्या कातडीतूनच श्वास घेतात. कातडी कोरडी पडली तर गुदमरतात, म्हणून जमिनीवर पडलेली वाळून गेली. भोवतीच्या चिखलातली हवा संपली तरी गुदमरतात, म्हणून झाकणाला लटकतात. बाबांना वाटत असेल की ती पळून जातायत. ती घराबाहेर श्वास घ्यायला आली आहेत.

शेतीत एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओलीही असते आणि तिच्यात हवाही खेळती असते, पायाला चिखल लागत नाही आणि धूळही उडत नाही, ती स्थिती. डब्यात वाफसा हवा, बस. तपासायची रीत सोपी आहे. डब्याच्या मधल्या भागातली मूठभर माती घे आणि घट्ट पिळ. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर उत्तम. धार लागली तर बुडालं. काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर माती भुरभुरली, तर पाणी शिंपडायची वेळ झाली. तुमच्याकडे आज धार लागेल याबद्दल मला शंका नाही.

मग करायचं काय? या रविवारी एकदाच, आणि एकदाच, डबा पूर्ण रिकामा करायचा. जमिनीवर जुनं प्लॅस्टिक पसरा, त्यावर सगळं ओता. जे बुळबुळीत, ओळखू येणारं, आंबलेलं आहे ते हाताने वेगळं काढा. हातमोजे घाला, पण खुरपं नको. हे काढलेलं कुठे टाकायचं? जवळ माती असेल तर वीतभर खोल पुरून टाका. नसेल तर वेगळ्या बादलीत भरपूर वाळक्या पाल्यात कालवून ठेवा, हळूहळू त्याचंही खत होईल. मग राहिलेल्या मातीत आणि गांडुळांत तितक्याच आकारमानाचे पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे मिसळा. साधा तपकिरी खोक्याचा पुठ्ठा, अंड्यांचे ट्रे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या. चिकटपट्टी सोलून काढायची. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा किंवा प्लॅस्टिकचा थर असलेला कागद नको. पुठ्ठा पाणी पितो आणि चुरगळून मध्ये पोकळ्या ठेवतो, म्हणजे एका हाताने ओल घेतो आणि दुसऱ्या हाताने हवा देतो. शिवाय हिरव्या कचऱ्यात नत्र जास्त असतं आणि पुठ्ठ्यात कर्ब, त्यांचा मेळ बसला की कुजणं सुरळीत चालतं.

सगळं परत भरलं की डब्याची तळाची भोकं काडीने मोकळी करा. ती बहुतेक बुजलेली असणार. पहिल्या दोन-तीन रात्री झाकण अर्धवट उघडं ठेवून वर दिवा लावून ठेवा. गांडुळांना डोळे नाहीत, पण कातडीला उजेड कळतो आणि तो त्यांना मुळीच सोसत नाही. दिवा आहे तोवर ती वर येणार नाहीत आणि तोवर खाली हवा खेळायला लागलेली असेल.

त्यानंतर दोन आठवडे काहीही घालायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. इथेच बाबांची परीक्षा आहे, मला माहीत आहे. त्यांना सांग, गांडुळं उपाशी नाहीत, तो पुठ्ठासुद्धा त्यांचं अन्नच आहे, आणि जुनं कुजकं आत अजून शिल्लक आहेच.

आता खरं दुखणं. तुझ्या पत्रातलं ‘दिवसातून तीनदा उकरून बघतात’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. चाळीस वर्षं कामावर गेलेला माणूस घरी बसतो तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी लागतं. त्याला मिळालंय एक असं काम ज्यात सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे हात मागे घेणं. हे त्यांच्यासाठी सोपं नाही. म्हणून ‘उकरू नका’ असं नुसतं म्हणून चालणार नाही, दुसरं काहीतरी हातात द्यावं लागेल. पुठ्ठा द्या. या छंदात पुठ्ठा कधीच पुरत नाही. रोज संध्याकाळी बसून खोकी फाडायची, बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या, पोत्यात भरून ठेवायच्या. अंड्यांची टरफलं धुऊन, वाळवून, अगदी पिठासारखी कुटायची. जाडसर राहिली तर वर्षभर तशीच दिसतात, पूड झाली तर पेषणीतली रेती म्हणूनही चालते आणि आंबटपणाही मारते. एक वही घालून द्या. किती ग्रॅम घातलं, कुठल्या कोपऱ्यात, किती दिवसांत दिसेनासं झालं. स्वयंपाकघरातला एक साधा तापमापक डब्यात खोचला तर वहीत आणखी एक रकाना होतो. उकरणं आठवड्यातून एकदा, आणि तेही एकाच कोपऱ्यात.

हे उकरणं खरंच बाधतं का, असं ते विचारतील. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीला गांडुळांवर जे काम केलं ते १८८१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झालं. त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवून पाहिली, ‘बसून’ (bassoon) नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवून पाहिलं, ओरडून पाहिलं. गांडुळं ढिम्म. शेजारी पियानो जोरजोरात वाजवला तरी ढिम्म. पण त्याच कुंड्या पियानोच्या वर ठेवून एक सूर दाबला, तर ती क्षणात बिळात शिरली. ऐकू काही येत नाही, पण थरथर अंगभर कळते. आता तुमचा डबा कुठे आहे ते आठव. वॉशिंग मशीनच्या शेजारी! कपडे पिळायला लागले की त्यांच्यासाठी रोजचा भूकंप. आधी डबा तिथून हलवा. दुपारचं ऊनही लागत असेल तर तेही टाळा. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस त्यांना मानवतं. आतलं तापमान तिशीच्या वर गेलं की ती अस्वस्थ होतात आणि ३५च्या पुढे मरायला लागतात. झाकणबंद डबा उन्हात किती लवकर तापतो हे वेगळं सांगायला नको.

दोन आठवड्यांनी पुन्हा खायला घालायचं ते असं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी फार तर दोन ओंजळी, बारीक चिरून. एका कोपऱ्यात खड्डा करायचा, त्यात घालायचं, मातीने झाकायचं, वर तीन बोटं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा थर. पुढच्या वेळी पुढचा कोपरा. पहिल्या कोपऱ्यातलं ओळखू येईनासं झाल्याशिवाय तिथे परत जायचं नाही. एवढं झाकलं तरी चिलटांचा निम्मा प्रश्न सुटतो, कारण त्यांना अंडी घालायला उघडं फळ सापडत नाही. उरलेल्या निम्म्यासाठी कचरा आधी फ्रीझरमध्ये गोठवून घ्या. सालांवर घरात यायच्या आधीच घातलेली अंडी मरतात, आणि गोठल्यामुळे पेशी फुटून साल मऊ पडतं, म्हणजे कुजायची अर्धी तयारी आयती होते. घालण्याआधी ते खोलीच्या तापमानाला मात्र येऊ द्यायचं. कचरा फ्रीझरमध्ये ही कल्पना आईला कशी वाटेल याचा अंदाज मला आहे. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘बाबांचं’. चिलटाची एक पिढी ऊबदार हवेत साधारण दहा दिवसांत तयार होते, तेव्हा तीनेक आठवडे धीर धरा. आज झाकलं आणि उद्या गेली असं होणार नाही.

केळ्याची सालं, भाज्यांचे देठ, फळांची सालं, गाळलेली चहापूड, कॉफीचा चोथा, हे सगळं आवडीचं. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांदा-लसूण अगदी थोडं, किंवा नकोच. मीठ, तेल, मांस, मासे, दूध-दही यांना या डब्यात जागा नाही, आणि शिजवलेल्या अन्नालाही नाही. ते मणी ओवल्यासारखं दिसणारं प्रकरण त्यातूनच आलं. प्रथिनांनी भरलेलं अन्न जास्त झालं की डब्यात आंबतं, गांडुळांच्या पोटातही आंबतं, वायू आणि आम्ल साठतं, आणि अंग जागोजागी फुगून जपमाळेसारखं दिसायला लागतं. ज्या गांडुळांचं असं झालंय ती बहुतेक वाचत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेव. बाकीच्यांसाठी उपाय वर सांगितलाच, वर चमचाभर टरफलांची पूड भुरभुरवा. आंबटपणा मारायला कुणी चुना टाकायला सांगितला तर ऐकू नका, त्याने गांडुळांची कातडी भाजते.

पांढऱ्या अळ्यांचं काय? त्या बहुधा अळ्या नाहीतच. भिंगाखाली धरून बघ. सेंटिमीटरभर लांबीचे, पांढऱ्या दोऱ्यासारखे, बिनपायांचे जीव दिसले तर ते गांडुळांचेच लांबचे चुलत भाऊ. निरुपद्रवी असतात, पण ओल आणि आंबटपणा वाढल्याचा पंचनामा ते करून जातात. डबा सुधारला की आपोआप विरळ होतात. मात्र एक घोळ टाळा. गांडुळांची पिल्लंही पांढुरकी आणि दोऱ्यासारखीच असतात, पण त्यांच्या पाठीतून एक लालसर रेघ जाताना दिसते. ती रक्तवाहिनी. रेघ दिसली तर अभिनंदन, डब्यात पाळणा हललाय.

हे बघायला बाबांना भिंग नक्की दे, कारण या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट ते उकरताना बहुधा रोज चिरडत असतील. गांडुळांचे कोष. द्राक्षाच्या बीपेक्षा लहान, दोन्ही टोकांना जराशी निमुळती, अगदी लिंबाच्या आकाराची गोळी. ताजी असताना फिकट पिवळी, पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली की तांबूस होत जाते. उजेडासमोर धरली तर कधी कधी आतली हालचालही दिसते. प्रत्येकातून सरासरी दोन-तीन पिल्लं निघतात, साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि आणखी दोनेक महिन्यांत ती स्वतः कोष घालायच्या वयात येतात. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, त्यामुळे जोडी जमण्याची चिंता नाही. संख्या वाढवायचा हा खरा रस्ता. जागा आणि अन्न पाहून ती आपली आपणच वाढतात आणि आपली आपणच थांबतात.

तुकडे करून वाढत नाहीत. हा गैरसमज कुठून आला कुणास ठाऊक, पण तो चिवट आहे. डोक्याकडचा भाग पुरेसा मोठा राहिला तर त्याला कधी कधी नवी शेपटी फुटते. शेपटीकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. ती वळवळच लोकांना दुसरं गांडूळ वाटत असावी. एकाचं जेमतेम एक, किंवा एकाचं शून्य.

कुंडीतली गांडुळं आणून टाकणंही बंद करा. शाळेत आपण ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ असं घोकलं आणि सगळी गांडुळं एकच समजून बसलो. काही जमिनीत खोल बिळं करून राहतात, काही मातीच खात मातीतच आडवीतिडवी फिरतात, आणि काही फक्त वरच्या कुजक्या पाचोळ्यात राहतात. डब्याला ही तिसरी लागतात. तुमच्याकडे बहुधा आयसेनिया फेटिडा असणार: तांबडी, अंगावर फिकट पट्टे, डिवचलं की उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडणारी. नावातला ‘फेटिडा’ म्हणजेच दुर्गंधी. कुंडीतल्या मातीखाऊ गांडुळांना डबा म्हणजे तुरुंग. आणि उलटही तितकंच खरं, कंटाळा आला म्हणून डब्यातली गांडुळं जंगलात नेऊन सोडायची नाहीत. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागात हिमयुगानंतर गांडुळं उरलीच नव्हती, तिथे बाहेरून आलेल्या गांडुळांनी जंगलातला पाचोळ्याचा जाड थर खाऊन टाकला आणि त्या थरावर वाढणाऱ्या झाडझाडोऱ्याचे हाल केले.

आता आईचा गुलाब. त्यांचा राग मला शंभर टक्के पटतो. नळातून येतं त्या तपकिरी पाण्याला लोक सर्रास ‘व्हर्मीवॉश’ म्हणतात आणि अमृत समजून कुंडीत ओततात. व्हर्मीवॉश म्हणजे तयार खतातून आणि गांडुळांच्या थरातून मुद्दाम स्वच्छ पाणी झिरपवून घेतलेला अर्क. तुमच्या टाकीत साठलं ते अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचं निथळ. त्यात आम्लं, क्षार आणि त्या दुसऱ्या फौजेचे जिवाणू. जमिनीवरच्या झाडाने कदाचित पचवलं असतं, पण कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. दुर्गंधी येणारं निथळ कुठल्याच रोपाला घालू नका. वास नसेल तर दहापट पाणी घालून, तेही जपून. आणि खरं सांगायचं तर नीट चाललेल्या डब्यातून जवळजवळ काही गळतच नाही. नळ वाहतो याचाच अर्थ पाणी जास्त झालंय.

गुलाबाच्या कुंडीत स्वच्छ पाणी भरपूर ओता, खालच्या भोकातून पूर्ण निथळू द्या, असं दोन-तीनदा करा. मग माती वरून सुकेपर्यंत पाणी नाही, महिनाभर कुठलंही खत नाही. पिवळी पानं काढा. फांदीला नखाने हलकेच ओरखडा काढल्यावर आत हिरवं दिसलं तर आशा आहे. वाचेलच असं वचन मी देत नाही.

आईसाठी आणखी एक व्यवस्था सुचवते. डबा बाबांचा, पण नाक आईचं. या छंदात नाकाहून चांगलं उपकरण नाही. आजार दिसायच्या कितीतरी आधी वासाला कळतो. दर रविवारी बाबांनी झाकण उघडायचं आणि आईने वास घ्यायचा. पावसानंतरच्या मातीसारखा असेल तर पुढचा आठवडा खायला घालायची परवानगी. आंबूस किंवा कुजका असेल तर तो आठवडा फक्त पुठ्ठा. निकालावर अपील नाही. आईला डब्यात अधिकार मिळाला की त्यांचा विरोध कसा बदलतो ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

एक अपेक्षा मात्र तिघांनीही सोडा. घरातला सगळा ओला कचरा हा डबा संपवणार नाही. आठवड्याचा तुमचा सात किलो कचरा, डब्याची भूक आज किलोभरही नाही. आणखी वर्षभराने ती दुप्पट-तिप्पट होईल, पण तोवर बाकीचा कचरा आधी जिथे जात होता तिथेच जाऊ दे. यात पराभव वाटून घ्यायचं कारण नाही.

सगळं नीट बसलं तर आणखी तीन-चार महिन्यांनी तळाशी काळं, रवाळ, चहापुडीसारखं दिसणारं खत जमायला लागेल. ते काढायचं असेल तर प्लॅस्टिकवर त्याचे छोटे शंकू करा आणि वर दिवा लावा. गांडुळं उजेडापासून दूर, शंकूच्या पोटात शिरतात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर हाताने काढायचा, परत थांबायचं, परत काढायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. ढिगातले कोष मात्र वेचून डब्यात परत टाका. नुसतं गांडूळखत भरून कुंडी करू नका. पाच ते दहा भाग मातीला एक भाग पुष्कळ झालं. आणि कुंडीत न लावलेला टोमॅटो उगवला तर दचकू नका. गरम होणाऱ्या खताच्या ढिगात बिया मरतात, गांडुळांच्या डब्यात तसं तापत नाही, बिया जिवंत राहतात. माझ्याकडे एकदा शोभेच्या रोपापेक्षा टोमॅटोच उंच झाला होता आणि पाहुणे त्याचंच कौतुक करून गेले.

राहिलं बाहेरगावी जाणं. पंधरा दिवस हा गांडुळांच्या हिशेबाने काहीच नाही, तीन आठवडेही ती आरामात काढतात. निघायच्या दोन दिवस आधी दोन ओंजळी खाणं पुरायचं, वर ओलसर पुठ्ठ्याचा जाड थर, डबा सावलीत. कुणाला किल्ली द्यायची नाही, शेजाऱ्यांना सांगायचं नाही. शेजारी प्रेमाने कलिंगड घालतात.

– तुझी ताई